पोकेमॉनची स्पर्धेची टीम बांधताना: पावसापासून सुरुवात

पोकेमॉन स्कार्लेट किंवा व्हायोलेट या गेमची गोष्ट पूर्ण करून जे ऑनलाइन लढायला जातात, त्यांतल्या बहुतेकांची पहिली टीम सारखीच असते: आवडता स्टार्टर, एखादा ड्रॅगन, एक विजेचा, एक पाण्याचा, आणि सगळ्यांकडे चार-चार हल्ले. समोरचा दोन टर्न काहीच करत नाही असं वाटतं आणि तिसऱ्या टर्नला आपले दोघे एकदम पडतात. त्या दोन टर्नमध्ये त्याने टेलविंडचं वारं सोडून स्वतःचा स्पीड वाढवलेला असतो, आपल्याला घाबरवून आपला अटॅक उतरवलेला असतो, आणि स्वतःचा मुख्य मारेकरी सुरक्षित मैदानात आणलेला असतो. टीम बांधायला शिकायचं ते हेच: आपण नेमकं कशाने जिंकणार हे आधी ठरवायचं आणि उरलेल्या जागा त्या बेताच्या रक्षणासाठी भरायच्या.

हा लेख डबल्सबद्दल आहे, म्हणजे अधिकृत जागतिक स्पर्धा ज्या पद्धतीने होते त्याबद्दल. टीम सहाची, पण प्रत्येक लढाईत त्यांतले चारच उतरवायचे. मैदानात एका वेळी दोन तुमचे, दोन समोरच्याचे. सगळ्यांची लेव्हल ५० धरली जाते. एकाच जातीचे दोन पोकेमॉन चालत नाहीत आणि एकच आयटम (पोकेमॉनच्या हाती द्यायची वस्तू) दोघांना देता येत नाही. निवडीसाठी ९० सेकंद, प्रत्येक टर्नला ४५ सेकंद, आणि अख्ख्या लढाईत तुमच्या विचाराला एकूण ७ मिनिटं. कोणते पोकेमॉन चालतील हे मात्र दर काही महिन्यांनी बदलतं. खालचं उदाहरण मी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'रेग्युलेशन एच'च्या नियमांतून घेतलं आहे. त्यात लेजंडरी आणि पॅराडॉक्स या जबर ताकदीच्या गटांतले पोकेमॉन बंद होते, त्यामुळे शिकायला ते सोपं पडतं.

आधी फुकटात खेळा

गेममध्येच टीम तयार करायची तर बराच वेळ आणि थोडा पैसा जातो. आपल्या उदाहरणातला सिनिस्चा 'टील मास्क' या जोडभागात आला आणि आर्कालुडन 'इंडिगो डिस्क'मध्ये, म्हणजे दोन्ही २०२३ मधले आणि मूळ गेमखेरीज दोन्ही मिळून एकत्र विकत घ्यायचे. म्हणून सुरुवात 'पोकेमॉन शोडाउन'वर करा. ब्राउझरमध्ये चालतं, मोबाइलवरही चालतं, एक रुपया लागत नाही. तिथल्या टीमबिल्डरमध्ये हवा तो पोकेमॉन, हव्या त्या मूव्ह आणि हवे ते आकडे भरून पाच मिनिटांत लढायला उतरता येतं. फक्त फॉरमॅट निवडताना नावात 'व्हीजीसी' (अधिकृत डबल्स स्पर्धेचं नाव) आहे ना ते बघा. तिथलं सर्वांत गाजलेलं 'ओयू' हे सिंगल्सचं आहे (मैदानात एकास एक), सहाविरुद्ध सहा, आणि तिथले डावपेच पार वेगळे. सिंगल्समध्ये ज्यावर सगळं उभं असतं तो स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्या प्रत्येकाला लागणारे दगड पसरणारी मूव्ह) डबल्समध्ये क्वचितच दिसतो.

आकड्यांबद्दल लागेल तेवढंच. प्रत्येक पोकेमॉनला सहा स्टॅट असतात: एचपी (म्हणजे जीव), अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स, स्पीड. आयव्ही म्हणजे जन्मजात आकडा, ० ते ३१. तो ३१ ठेवा आणि विसरा. नेचरमुळे (स्वभावामुळे) एक स्टॅट १० टक्के वाढतो, दुसरा १० टक्के घटतो. ईव्ही म्हणजे वरचे गुण, ते तुम्ही वाटायचे: एकूण ५१०, एका स्टॅटला जास्तीत जास्त २५२. लेव्हल ५० ला पहिल्या ४ ईव्हीला एक गुण मिळतो आणि पुढच्या प्रत्येक ८ ला एकेक. आपल्याच टाइपची (आग, पाणी, वीज अशा प्रकाराची) मूव्ह दीडपट लागते. दोघांना एकदम लागणारी मूव्ह प्रत्येकाला पाऊणपटच लागते. बाकी खेळता खेळता कळतं.

बेत: पाऊस आणि आर्कालुडन

पेलिपर दिसायला बावळट पक्षी आहे, पण मैदानात पाऊल ठेवताच त्याच्या ड्रिझल ॲबिलिटीमुळे (अंगच्या गुणामुळे) पाऊस सुरू होतो. पाऊस पाच टर्न टिकतो, त्यात पाण्याच्या मूव्ह दीडपट आणि आगीच्या निम्म्या होतात. आर्कालुडन हा स्टील-ड्रॅगन. त्याची इलेक्ट्रो शॉट ही मूव्ह एरवी दोन टर्न घेते: पहिल्या टर्नला शक्ती गोळा करून स्पेशल अटॅक एक पायरी वाढवायचा, दुसऱ्याला मारायचं. पावसात दोन्ही गोष्टी एकाच टर्नला होतात. म्हणजे प्रत्येक वारानंतर पुढचा वार आणखी जड. शिवाय मार खाल्ला की स्टॅमिना ॲबिलिटीने त्याचा डिफेन्स वाढत जातो. त्याला तीन टर्न मोकळे मिळाले तर लढाई संपल्यात जमा.

हा बेत माझा नाही. या जोडीचे संघ त्या काळात जगभर खेळले गेले. नवख्याने असाच चाललेला बेत उचलावा असं माझं ठाम मत आहे. स्वतःची अफलातून कल्पना पन्नास लढाया हरल्यावरही वाईट आहे की आपणच वाईट खेळतोय हे कळत नाही. चाललेल्या बेताबद्दल निदान तो प्रश्न उरत नाही.

आता बेत कशाने मोडेल ते शोधा. आर्कालुडनला दोनच टाइप दुप्पट लागतात, फायटिंग आणि ग्राउंड. पेलिपरला रॉक दुप्पट आणि वीज चौपट. म्हणजे समोर स्नीझलर, ॲनिहिलेप, गार्चॉम्प, उर्सालुना दिसले की तुमच्या आर्कालुडनवर नेम धरला गेलाच म्हणून समजा.

उत्तरं इथूनच सापडत जातात. फायटिंग मूव्ह घोस्टला लागतच नाहीत, म्हणून सिनिस्चा: ग्रास-घोस्ट, ग्राउंडही त्याला निम्मंच लागतं. रेज पावडर टाकली की समोरच्याने आर्कालुडनवर सोडलेला क्लोज कॉम्बॅट सिनिस्चाकडे वळतो आणि वाया जातो. मैदानात येताना तो साथीदाराचा पाव एचपी भरूनही देतो. रेज पावडर ग्रास टाइपवर आणि सेफ्टी गॉगल्स घातलेल्यावर चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

ग्राउंडसाठी रिलाबूम. तो आला की गवताळ मैदान पसरतं आणि त्यावर अर्थक्वेकचा मार निम्मा होतो. पण फक्त अर्थक्वेक, बुलडोझ अशा मोजक्या मूव्हचा. उर्सालुनाचा हेडलाँग रश किंवा गार्चॉम्पचा स्टॉम्पिंग टँट्रम पुरताच लागतो. हा फरक माहीत नसल्याने पुष्कळ आर्कालुडन मेले आहेत. रिलाबूमकडे फेक आउटही आहे: मैदानात आल्यावर पहिल्याच टर्नला चालणारी, जवळजवळ सगळ्यांच्या आधी लागणारी आणि समोरच्याची ती टर्न खाऊन टाकणारी मूव्ह. नॉर्मल टाइपची असल्याने घोस्टवर मात्र ती फुकट.

इन्सिनरोर डबल्समध्ये इतकी वर्षं का दिसतो हे एकदा स्वतः वापरल्याशिवाय पटत नाही. आल्या आल्या इंटिमिडेटने दोन्ही शत्रूंचा अटॅक दोन-तृतीयांशावर आणतो, फेक आउट मारतो, आणि पार्टिंग शॉटने शत्रूचा अटॅक व स्पेशल अटॅक उतरवून स्वतः बाहेर पडतो, म्हणजे पुन्हा आत यायला मोकळा. पावसात त्याचा फ्लेअर ब्लिट्झ मऊ पडतो, आणि फायटिंग व ग्राउंड त्यालाही दुप्पट लागतात. तरी घ्या. तो मारण्यासाठी टीममध्ये नाहीच.

सहावा बॅस्क्युलिजियन, वॉटर-घोस्ट. स्विफ्ट स्विम ॲबिलिटीने पावसात त्याचा स्पीड दुप्पट होतो. नर आणि मादी यांचे आकडे वेगळे आहेत. नराचा अटॅक ११२, मादीचा ९२, तेव्हा इथे नरच घ्या. त्याची लास्ट रिस्पेक्ट्स ही मूव्ह ५० शक्तीपासून सुरू होते आणि आपला एकेक साथीदार पडला की ५० ने वाढते. आर्कालुडन आणि आणखी एक पडल्यावर हा आत आला तर १५० शक्तीची घोस्ट मूव्ह हातात असते. बेत फसला तरच कामाला येणारा, म्हणून मला तो या टीममधला सर्वांत हुशार पोकेमॉन वाटतो.

आयटम वाटताना एकाने दुसऱ्याचा हिसकावून घ्यायचा असतो. असॉल्ट व्हेस्ट (स्पेशल डिफेन्स दीडपट, पण फक्त हल्ल्याच्या मूव्ह चालतात) रिलाबूमलाही शोभतो आणि आर्कालुडनलाही. आर्कालुडनचा स्पेशल डिफेन्स मुळात ६५, म्हणून त्याला द्या: इलेक्ट्रो शॉट, फ्लॅश कॅनन, ड्रॅको मीटिअर, बॉडी प्रेस. रिलाबूमला मिरॅकल सीड: फेक आउट, ग्रासी ग्लाइड, वुड हॅमर, यू-टर्न. पेलिपरला फोकस सॅश, म्हणजे पूर्ण एचपीवरून एका फटक्यात मरणार नाही: टेलविंड, वेदर बॉल, हरिकेन, प्रोटेक्ट (त्या टर्नला आपल्यावरचे हल्ले अडवणारी मूव्ह). हरिकेन एरवी ७० टक्के लागते, पावसात चुकतच नाही. सिनिस्चाला सिट्रस बेरी: रेज पावडर, माचा गॉचा, ट्रिक रूम, प्रोटेक्ट. इन्सिनरोरला सेफ्टी गॉगल्स: फेक आउट, पार्टिंग शॉट, फ्लेअर ब्लिट्झ, नॉक ऑफ. बॅस्क्युलिजियनला लाइफ ऑर्ब (मार वाढतो, पण हल्ला केला की स्वतःचा थोडा एचपी जातो): वेव्ह क्रॅश, लास्ट रिस्पेक्ट्स, ॲक्वा जेट, प्रोटेक्ट.

सहापैकी तिघांकडे प्रोटेक्ट आहे हे पाहून गोष्टीतल्या लढाया खेळून आलेल्यांना नवल वाटतं. तिथे प्रोटेक्ट म्हणजे टर्न वाया. डबल्समध्ये समोरच्याने दोन्ही हल्ले तुमच्या एकावर टाकले आणि त्या पोकेमॉनने प्रोटेक्ट केलं, तर समोरच्याची पूर्ण टर्न गेली आणि तुमचा दुसरा पोकेमॉन मोकळा खेळला. लागोपाठ दुसऱ्यांदा मात्र ते तीनात एकदाच लागतं, तेव्हा त्यावर जीव टांगू नका.

स्पीडचे आकडे हाताने काढून बघा

नवखे ईव्ही वाटताना २५२ अटॅक, २५२ स्पीड असं भरून मोकळे होतात. वाईट नाही, पण फुकट जातं. पेलिपरचं उदाहरण घ्या. त्याचा मूळ स्पीड ६५. एकही ईव्ही न देता लेव्हल ५० ला ८५ होतो. टेलविंडने स्पीड दुप्पट, म्हणजे १७०. आणि पूर्ण २५२ ईव्ही व स्पीड वाढवणाऱ्या जॉली नेचरचा गार्चॉम्प किती? १६९. एका गुणाने पेलिपर पुढे. त्याला स्पीडमध्ये एक ईव्हीही देण्याची गरज नाही. सगळे एचपी आणि बचावात घाला.

आता आर्कालुडन. मूळ ८५, ईव्हीशिवाय १०५, टेलविंडमध्ये २१०. ड्रॅगापल्ट जास्तीत जास्त २१३ ला पोचतो. तीन गुण कमी पडले. चार ईव्ही दिले तर १०६, दुप्पट २१२, अजून एक कमी. बारा दिले तर १०७, म्हणजे २१४. झालं. स्पेशल अटॅक वाढवणारा मॉडेस्ट नेचर ठेवून एचपी २५२, स्पेशल अटॅक ११६, स्पेशल डिफेन्स १२४, स्पीड १२, उरलेले ४ डिफेन्सला: अशी वाटणी या हिशेबातून येते. प्रत्येक आकड्यामागे 'कोणाच्या पुढे' किंवा 'कोणाचा फटका सोसायला' असं उत्तर असलं पाहिजे. फटक्यांचा हिशेब शोडाउनच्या डॅमेज कॅल्क्युलेटरवर करा. तो एक आकडा न देता पट्टा देतो, कारण प्रत्येक फटका ८५ ते १०० टक्क्यांमध्ये कुठेही पडू शकतो. पट्ट्याचं खालचं टोक पुरेसं असेल तरच 'हा मरतो' म्हणा.

टेलविंड चार टर्न टिकतं, पण ते सोडलेली टर्न त्यात धरली जाते. हाताशी उरतात तीन.

टेरा

प्रत्येक लढाईत एकदाच, एकाच पोकेमॉनचा टाइप बदलता येतो. कोणाचा कोणता टेरा टाइप हे टीम बांधताना ठरवून टाकायचं, वापरायचा कधी ते लढताना. हा मेंढीकोटातला बंद हुकूम आहे: लवकर उघडला तर समोरचा निश्चिंत होतो, फार दाबून ठेवला तर डाव आधीच गेलेला असतो. आर्कालुडनला फ्लाइंग टेरा दिला तर ग्राउंड लागतच नाही आणि फायटिंग निम्मं लागतं, पण वीज, बर्फ आणि रॉक दुप्पट होतात. ग्रास दिला तर ग्राउंड निम्मं, फायटिंग साधं. इलेक्ट्रिक दिला तर इलेक्ट्रो शॉट दीडपट, पण ग्राउंडची भीती तशीच. सुरुवातीला मी ग्रास सुचवेन. बचाव जमतो आणि नवी दुखणी फारशी जिव्हारी लागत नाहीत.

९० सेकंदांत काय बघायचं

समोरच्या सहांची चित्रं दिसली की नेम कोणावर धरायचा यापेक्षा आधी तीन गोष्टी शोधा: हवामान बदलणारं कोणी आहे का, स्पीड फिरवणारं कोण आहे, आणि फेक आउट कोणाकडे असू शकतं. अधिकृत स्पर्धांमध्ये २०२३ पासून मूव्ह, आयटम, ॲबिलिटी आणि टेरा टाइपचा कागद दोघांना दिला जातो. ईव्ही आणि नेचर त्यात नसतात. गेममधल्या ऑनलाइन लॅडरवर (रेटिंगच्या लढायांत) हा कागद नसतो, तिथे अंदाजच.

समजा समोर टोरकोल आहे. तो उन्हाचा. तुम्ही पेलिपर आणि त्याने टोरकोल एकदमच उतरवले तर दोघांच्या ॲबिलिटी स्पीडच्या क्रमाने चालतात, आधी वेगवान. म्हणजे तुमचा पाऊस आधी पडतो आणि मग त्याचं ऊन येऊन बसतं. सावकाश चालणारा जिंकतो, आणि मूळ स्पीड २० असलेल्या टोरकोलपेक्षा सावकाश कोण होणार! अशा वेळी पेलिपर मागे ठेवा. रिलाबूम आणि आर्कालुडन पुढे काढा, रिलाबूमने यू-टर्न मारून पेलिपरला आत आणा. रिलाबूमला स्पीडमध्ये २५२ ईव्ही दिले असतील तर तो १३७ ला खेळतो, म्हणजे १०७ च्या आर्कालुडनआधी. त्यामुळे पाऊस त्याच टर्नला पडतो आणि पाठोपाठ आर्कालुडनचा इलेक्ट्रो शॉट न थांबता सुटतो. ही एक चाल दहा-बारा वेळा सरावाने बसवा. या टीममधली सर्वांत सुंदर टर्न हीच.

समोर ट्रिक रूमवाली टीम असेल (हॅटरीन, फॅरिगिराफ, सोबत उर्सालुना) तर ट्रिक रूम लागली की पाच टर्न (लावलेली टर्न त्यात धरून) सावकाश पोकेमॉन आधी खेळणार. ती मूव्ह टर्नच्या अगदी शेवटी लागते, म्हणून लावणाऱ्यावर दोघांनी मिळून हल्ला करायला तुम्हाला एक टर्न मिळते. फॅरिगिराफवर फेक आउट टाकू नका, त्याची आर्मर टेल ॲबिलिटी ते अडवते. नाहीच अडवता आलं तर सिनिस्चाकडेही ट्रिक रूम आहे. दुसऱ्यांदा लावली की पहिली उलटते.

आणि किंगॅम्बिट दिसला तर इन्सिनरोर आणण्याआधी थांबा. किंगॅम्बिटकडे डिफायंट ही ॲबिलिटी असेल तर इंटिमिडेटने त्याचा अटॅक एक पायरी उतरतो आणि लगेच दोन चढतो. तुम्हीच त्याला धार लावून दिलीत.

चार निवडताना नेहमी तोच चौघांचा संच उतरवायचा मोह होतो. बेत चालत नसेल अशा टीमसमोर आर्कालुडनला बाकावर बसवण्याची तयारी ठेवा. रिलाबूम, इन्सिनरोर, सिनिस्चा आणि बॅस्क्युलिजियन हे चौघं पावसाशिवायही नीट लढतात. २०१४ च्या वॉशिंग्टन डीसीतल्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या सेजुन पार्कने पाचिरिसू या चिमुकल्या खारीला घेऊन विजेतेपद मिळवलं. लोकांना ते गंमत वाटलं, पण ती खार फॉलो मीने हल्ले स्वतःवर ओढून घ्यायची आणि व्होल्ट ॲब्सॉर्बमुळे तिला विजेचा मार उलट एचपी भरून द्यायचा. टीममध्ये विजेला घाबरणारा ग्याराडोस होता. तिथे तिची जागा दुसरा कोणीही ताकदवान घेऊ शकला नसता.

सराव

शोडाउनच्या लॅडरवर सुरुवात १००० रेटिंगपासून होते. पहिले काही दिवस रेटिंगकडे बघूच नका. हरलेल्या लढाईचा रिप्ले जतन करा आणि शेवटची टर्न सोडून पहिल्या दोन टर्न पुन्हा बघा. डाव तिथेच गेलेला असतो. बघताना समोरच्याची बाजू धरून बघितलं तर जास्त कळतं: त्याला तुमच्या कोणत्या पोकेमॉनची भीती वाटत होती आणि तुम्ही त्याला कधी बाहेर ठेवलंत.

जेव्हा टीम गेममध्ये आणायची तेव्हा नेचर मिंटने बदलतो, आयव्ही बॉटल कॅपने भरतात, ईव्ही व्हिटॅमिनने: एका बाटलीला १०, म्हणजे २५२ साठी २६ बाटल्या. टेरा टाइप बदलायला मेडाली गावच्या खाणावळीत त्या टाइपचे ५० टेरा शार्ड द्यावे लागतात. एवढा खटाटोप नको असेल तर इतरांनी कोड देऊन ठेवलेल्या रेंटल टीम थेट वापरता येतात.

टीममध्ये बदल करताना एका वेळी एकच करा आणि त्यावर वीसेक लढाया होऊ द्या. बॅस्क्युलिजियन कमी पडतोय असं वाटलं तर आधी त्याचा लाइफ ऑर्ब काढून मिस्टिक वॉटर (पाण्याच्या मूव्हचा मार वाढवणारा आयटम) देऊन बघा. वेव्ह क्रॅश स्वतःलाही लागतो, त्यात ऑर्बचं नुकसान मिळून तो बऱ्याचदा आपल्याच हाताने मरतो. तरीही भागलं नाही तर त्या जागी ड्रॅगनाइट आणा. ग्राउंड त्याला लागत नाही, फायटिंग निम्मं लागतं, आणि नॉर्मल टेरा घेऊन मारलेला एक्स्ट्रीम स्पीड ट्रिक रूममध्येही आधीच लागतो.